परदेशातला फ्लॅट: पाणी कुणाचं, भिंत कुणाची, विमा कुणाचा?

वॉशिंग मशीनला पाणी पुरवणारी एक नळी असते. हातभर लांब, एक टोक भिंतीतल्या तोटीला, दुसरं मशीनला. परदेशातल्या फ्लॅटच्या विम्याचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर भूकंप, वादळ नाहीतर चोर येतो. माझ्या डोळ्यांसमोर ही नळी येते. घरात माणूस असेल तर ती फुटल्याचं पाच मिनिटांत कळतं. तोटी बंद होते, फरशी पुसली जाते, विषय संपतो. पण घर कुलूपबंद असेल आणि मालक दुसऱ्या खंडात झोपलेला असेल, तर तीच नळी तीन मजले भिजवते.

समजा तसं झालंच. तुमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर आहे. शुक्रवारी रात्री नळी फुटली आणि रविवारी दुपारी खालच्यांच्या छतातून धार लागली. किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नाही, त्यामुळे शेवटी दार फोडावं लागलं. तोवर तुमच्या घरातली लाकडी फरशी फुगली, भिंतीच्या आतलं वायरिंग भिजलं, खालच्यांचं छत आणि फर्निचर गेलं, आणि ते कुटुंब आठवडाभरासाठी हॉटेलात राहायला गेलं. म्हणजे बिलं चार: फरशीचं, भिंतीचं, खालच्यांच्या सामानाचं आणि हॉटेलचं. तुम्ही म्हणाल, विमा आहे ना. आहे. पण यातलं कोणतं बिल कोणत्या विम्यातून जाणार, हे ठरवायलाच कित्येकदा महिने जातात. परदेशी घराच्या विम्यात माणूस अडकतो तो बहुधा पॉलिसी नसल्यामुळे नाही. दोन पॉलिसींच्या मधल्या फटीत तो अडकतो, किंवा घर बंद असल्याचं कंपनीला सांगितलेलं नसतं म्हणून. या लेखाचा भर या दोन गोष्टींवर आहे. बाकीचं ओघात येईल.

इमारतीचा विमा नेमका कुठे संपतो?

फ्लॅट घेताना आपण काय विकत घेतो? मनात उत्तर असतं, ‘घर’. कायद्याच्या भाषेत मात्र ती आतल्या जागेची मालकी असते आणि जोडीला जिना, गच्ची, पाया, पाइप, लिफ्ट यांतला सामाईक वाटा. काही देशांत तर तेवढंही नसतं. इंग्लंडमध्ये बहुतेक फ्लॅट दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने विकले जातात. इमारतीचा विमा मूळ मालक किंवा त्याची व्यवस्थापन कंपनी काढते आणि त्याचा खर्च सर्व्हिस चार्जमधून तुमच्याकडून घेते. तुम्ही पैसे भरता, पण पॉलिसी तुमच्या नावावर नसते. पॉलिसीचा सारांश मागण्याचा हक्क मात्र तिथल्या कायद्याने तुम्हाला दिलेला आहे. हा हक्क फार थोडे लोक वापरतात.

इतर बहुतेक देशांत फ्लॅटमालकांची एक संस्था असते. आपण तिला सोसायटीच म्हणू. सोसायटी इमारतीचा विमा काढते आणि आतल्याचा तुम्ही काढायचा, असा साधारण हिशोब. प्रश्न असा की ‘आत’ कुठून सुरू होतं?

याचं सर्वांत स्वच्छ उत्तर अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या कायद्याने लिहून ठेवलंय. भिंतीचा कच्चा, रंग न दिलेला जिप्सम बोर्ड सोसायटीच्या विम्यात. त्यावर जे काही चढवलंय ते तुमचं. रंग, वॉलपेपर, फरशी, छताचं आच्छादन, दिव्यांची फिटिंग, उपकरणं, गिझर, भिंतीत बसवलेली कपाटं, ओटा, खिडक्यांचे पडदे, सगळं मालकाच्या पॉलिसीवर. आता ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सला जाऊ. तिथे भिंतीत पक्की बसवलेली कपाटं सोसायटीच्या विम्यात मोडतात आणि रंग, वॉलपेपर, गालिचे बाहेर राहतात. स्वयंपाकघर तेच, कपाट तेच. एका ठिकाणी ते तुमच्या विम्यात आणि दुसऱ्या ठिकाणी इमारतीच्या. म्हणून ‘मित्राने अमुक देशात अशी पॉलिसी घेतली होती’ हा सल्ला ऐकावा, पण त्यावर सही करू नये.

सिंगापूरमध्येही इमारतीचा विमा काढणं सोसायटीवर बंधनकारक आहे, पण तो मूळ बांधकामाचा असतो. तुम्ही नंतर हौसेने केलेलं नूतनीकरण त्यात धरलेलं नसतं. घर विकत घेणाऱ्याची इथे हमखास फसगत होते. जुन्या मालकाने भारीतलं बाथरूम करून ठेवलेलं असतं, आपल्याला ते घराचा भागच वाटतं, आणि कुठल्याच पॉलिसीत त्याचा पत्ता नसतो.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. सोसायटीच्या व्यवस्थापकाकडे विम्याची प्रत मागायची. जाहिरातीचं पत्रक किंवा ‘विमा आहे’ असं एका ओळीचं उत्तर चालणार नाही, अटींसकट पूर्ण प्रत हवी. मग ती तुमच्या विमा एजंटसमोर ठेवून म्हणायचं, ‘हे जिथे संपतं, तिथून माझं सुरू करा.’ आपली पॉलिसी आधी घेऊन सोसायटीची नंतर बघणं हा उलटा क्रम आहे, आणि बहुतेकजण तोच धरतात.

खालच्या मजल्याचं देणं

आपल्या नळीमुळे दुसऱ्याचं झालेलं नुकसान हा दायित्वाचा, म्हणजे लायबिलिटीचा विषय. परदेशी फ्लॅटमालकासाठी मला हा भाग स्वतःच्या सामानाच्या विम्यापेक्षा मोठा वाटतो. आपलं सामान फार तर सगळं जाईल, पण त्याला काही मर्यादा आहे. दुसऱ्याच्या नुकसानीला वरची मर्यादा नसते. बाल्कनीतून कुंडी पडून कुणी जखमी झालं तर भरपाई किती होईल, हे तिथल्या कोर्टाच्या सवयींवर ठरतं.

फ्रान्सने हा प्रश्न कायद्यानेच सोडवला. २०१४ पासून तिथे सामाईक मालकीच्या इमारतीतल्या प्रत्येक फ्लॅटमालकाला, तो तिथे राहत असो वा नसो, निदान दायित्वाचा विमा सक्तीचा आहे. स्वतः न राहणाऱ्या मालकांसाठी वेगळ्या प्रकारची पॉलिसीही मिळते. गळतीची प्रकरणं तर इतकी नेहमीची की विमा कंपन्यांनी आपसांत करार करून ठेवलाय. २०१८ पासून लागू असलेल्या त्या करारानुसार ५,००० युरोंपर्यंतचं नुकसान असेल, तर ज्या घराचं नुकसान झालं त्या घराशी संबंधित विमा कंपनी प्रकरण हातात घेते आणि शेजाऱ्यांनी एकमेकांच्या कंपन्यांच्या मागे धावत बसायची गरज उरत नाही.

जपानमध्ये अगदी उलटं चित्र दिसतं, निदान आगीच्या बाबतीत. १८९९ सालचा एक कायदा तिथे आजही लागू आहे. निष्काळजीपणाने लागलेली आग शेजारच्या घरात पसरली, तर चूक गंभीर स्वरूपाची असल्याशिवाय शेजाऱ्याला भरपाई मागता येत नाही. लाकडी घरांच्या दाट वस्तीत एकाच्या चुकीने गल्लीच्या गल्ली जळायची, मग एका माणसाने किती भरपाई द्यायची, हा त्यामागचा विचार. आज तिथे फ्लॅट घेणाऱ्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे: शेजाऱ्यामुळे लागलेल्या आगीचीही भरपाई तुम्हाला स्वतःच्याच विम्यातून मिळवावी लागते. ‘चूक त्याची, पैसे त्याने द्यावेत’ हा न्याय सगळीकडे चालतो असं गृहीत धरू नये.

घर बंद आहे, हे कंपनीला सांगितलंय का?

आता मुख्य मुद्दा. घराच्या साध्या पॉलिसीमागे एक चित्र असतं: या घरात लोक राहतात, रात्री दिवे लागतात, गळती लागली तर कुणाला तरी वास येतो. हप्ता त्या चित्रावर ठरलेला असतो. तुमचा फ्लॅट वर्षातले दहा महिने बंद असेल तर ते चित्रच खोटं ठरतं, आणि कंपनीने त्याची सोय आधीच करून ठेवलेली असते.

ब्रिटनमधल्या पॉलिसींत साधारण ३० किंवा ६० दिवस सलग घर रिकामं राहिलं की काही संरक्षणं आपोआप गळून पडतात. नेमकी कोणती? चोरी, तोडफोड आणि पाण्याची गळती. म्हणजे रिकाम्या घराला ज्यांची सर्वांत जास्त भीती, तीच. अमेरिकेत आणखी एक बारीक भेद आहे. घरात सामान आहे पण माणूस नाही ही एक अवस्था, आणि सामानही नाही, माणूसही नाही ही दुसरी. दुसऱ्या अवस्थेत साधारण ६० दिवसांनंतर तोडफोडीचं संरक्षण जातं. भाडेकरू सामान घेऊन गेला आणि नवा यायला तीन महिने लागले, तर तुमचा फ्लॅट नकळत त्या दुसऱ्या अवस्थेत जातो.

अधूनमधून वापरायच्या घरांसाठी वेगळ्या पॉलिसी मिळतात. हप्ता जास्त असतो आणि अटीही जास्त असतात. ठरावीक दिवसांनी कुणीतरी घरात जाऊन पाहणी करायची आणि तशी नोंद ठेवायची. निघताना पाण्याचा मुख्य कॉक बंद करायचा. थंड प्रदेशात हिवाळ्यात एकतर पाइप पूर्ण रिकामे करायचे किंवा घर ठरावीक तापमानाला गरम ठेवायचं, कारण पाइपात पाणी गोठलं की ते फुगून पाइप फोडतं आणि बर्फ वितळलं की पूर येतो. दाराला अमुक दर्जाचं कुलूप हवं, हीही अट असू शकते. या अटी सल्ला म्हणून लिहिलेल्या नसतात. क्लेमच्या वेळी सर्व्हेअर विचारतो, ‘शेवटची पाहणी कधी झाली? कुणी केली? नोंद दाखवा.’ शेजारच्या काकू अधूनमधून डोकावतात, हे उत्तर तिथे पुरत नाही. किल्ली ठेवणाऱ्याने दर भेटीत दिनांक दिसेल असा फोटो पाठवला, तर तोच पुढे पुरावा होतो.

रिकाम्या घराची दुसरी गंमत म्हणजे ‘अचानक’ हा शब्द. पाण्याच्या नुकसानीत बहुतेक पॉलिसी अचानक झालेल्या गळतीचे पैसे देतात. आठवडेच्या आठवडे झिरपत राहिलेल्या पाण्याचे देत नाहीत, ती देखभालीतली हयगय समजली जाते. राहत्या घरात हा फरक स्पष्ट असतो. बंद घरात शुक्रवारी फुटलेली नळी आणि दोन महिने ठिबकणारा सांधा बाहेरून सारखेच दिसतात: काळी पडलेली भिंत आणि बुरशी. नेमकं काय झालं हे सिद्ध करायची वेळ आली की शेवटच्या पाहणीचा तो फोटो कामी येतो. बुरशीच्या साफसफाईला अनेकदा वेगळी, छोटी मर्यादा असते. गळती शोधायला टाइल्स फोडायचा खर्च कधी धरलेला असतो, कधी नसतो. आणि खुद्द फुटलेल्या नळीचे पैसे सहसा मिळत नाहीत. तिने केलेल्या नुकसानीचे मिळतात.

घर भाड्याने दिलं तर? वर्षाच्या करारावर दिलं तर कंपनीला कळवायचं, घरमालकाची पॉलिसी घ्यायची, बुडालेल्या भाड्याचं संरक्षण त्यात आहे का ते बघायचं. भाडेकरूचं सामान तुमच्या विम्यात येत नाही, हे त्यालाही सांगून ठेवावं. फ्रान्समध्ये तर बिनफर्निचरचं घर भाड्याने घेणाऱ्याला १९८९ च्या कायद्याने स्वतःचा विमा सक्तीचा आहे. पर्यटकांना चार-चार दिवस द्यायचं असेल तर मामला वेगळा. कंपनीच्या लेखी तो धंदा असतो आणि साध्या पॉलिसीत धंद्याला जागा नसते. बुकिंगच्या वेबसाइटने दिलेली हमी ही तुमची पॉलिसी नसते. तिच्या अटी तिच्या, आणि निवाडाही तीच करणार.

सोसायटीचं बिल तुमच्या दारात

ही बाब ऐकून अनेकांना धक्का बसतो. नुकसान इमारतीचं, विमा इमारतीचा, तरी बिल तुम्हाला. असं का? कारण बहुतेक पॉलिसींत नुकसानीचा पहिला तुकडा विमाधारकाने सोसायचा असतो. त्याला डिडक्टिबल म्हणतात. घरगुती पॉलिसीत तो ठरावीक, छोटा आकडा असतो. वादळाच्या किंवा भूकंपाच्या बाबतीत मात्र तो अनेकदा टक्क्यांत असतो, आणि टक्के धरायचे ते विम्याच्या एकूण रकमेचे, नुकसानीचे नव्हे. ही ओळ पुन्हा एकदा वाचा, कारण पुढचं गणित तिच्यावर उभं आहे.

समजा इमारतीचा विमा ४ कोटी डॉलरचा आहे आणि चक्रीवादळासाठी डिडक्टिबल ५ टक्के, म्हणजे २० लाख डॉलर. वादळात छत उडालं, नुकसान १८ लाखांचं झालं. विमा कंपनीकडून येतात शून्य. इमारतीत १०० सारखे फ्लॅट असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १८,००० डॉलर. तुमच्या घराला ओरखडाही आलेला नसला तरी. फ्लोरिडात मालकाच्या पॉलिसीत अशा वाट्यासाठी निदान २,००० डॉलरचं संरक्षण असावं, असा नियम आहे. १८,००० समोर २,००० काय करणार? वाढीव संरक्षण विकत घेता येतं आणि त्यासाठी हप्ताही फारसा वाढत नाही, पण त्यासाठी इमारतीचं डिडक्टिबल किती आहे हे आधी माहीत हवं. पुन्हा तोच कागद: सोसायटीची पॉलिसी.

यात आणखी एक खाच आहे. हे संरक्षण फक्त विम्यात बसणाऱ्या अपघातापुरतं असतं. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीची वर्गणी त्यात बसत नाही. २४ जून २०२१ रोजी फ्लोरिडात मायामीजवळच्या सर्फसाइड इथे बारा मजली इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि ९८ माणसं गेली. इमारत चाळिशीची होती. त्यानंतर तिथे जुन्या इमारतींची सक्तीची तपासणी आणि दुरुस्तीसाठी निधी राखून ठेवणं, असे नियम आले. आवश्यकच होते. पण कित्येक वर्षं कमी मेंटेनन्स भरलेल्या मालकांना एकदम मोठ्या वर्गण्या आल्या, आणि त्या वर्गणीला कुठलीच पॉलिसी हात लावत नाही. ब्रिटनमध्ये २०१७ च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीनंतर, ज्यात ७२ जण गेले, बाहेरून ज्वलनशील आवरण लावलेल्या इमारतींचे विम्याचे हप्ते भडकले आणि ते सर्व्हिस चार्जमधून फ्लॅटधारकांकडे आले. घर घेताना इमारतीचं वय, दुरुस्तीचा निधी आणि मागच्या सभांची इतिवृत्तं बघणं हे विम्याचंच काम आहे, असं मी धरतो.

भूकंप, पूर, वादळ: प्रत्येक देशाचा वेगळा खेळ

मोठ्या आपत्तीत खासगी कंपन्या एकट्याने पुरत नाहीत, म्हणून अनेक देशांत सरकार मध्ये उतरतं. पण कसं उतरतं, त्यात जमीन-अस्मानाचा फरक.

स्पेनमध्ये १९५४ पासून एक सरकारी विमा संस्था आहे. प्रत्येक घराच्या पॉलिसीत तिच्यासाठी छोटा अधिभार असतो. पूर, भूकंप, ज्वालामुखी, ताशी १२० किलोमीटरच्या पुढचे झोत असलेलं वादळ, यांची भरपाई ती संस्था देते. २०२१ साली ला पाल्मा बेटावरच्या ज्वालामुखीत आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये वॅलेन्सियाच्या पुरात लोक तिच्याच दारात गेले. पण अट एक: तुमच्याकडे चालू पॉलिसी हवी. पॉलिसी नाही तर अधिभार नाही, आणि अधिभार नाही तर भरपाई नाही. नवी पॉलिसी घेतल्यावर पहिले सात दिवसही जाऊ द्यावे लागतात, म्हणजे पुराचा इशारा ऐकून विमा काढायला धावण्यात अर्थ नाही.

फ्रान्सची पद्धत १९८२ ची. मालमत्तेच्या प्रत्येक पॉलिसीत नैसर्गिक आपत्तीचं संरक्षण जोडलेलं असतं. त्यासाठीचा अधिभार २०२५ पासून १२ टक्क्यांवरून २० टक्के झाला. भरपाई मिळण्याआधी सरकारने तुमच्या गावासाठी ‘आपत्ती’ जाहीर करून राजपत्रात छापावं लागतं आणि त्यानंतर ३० दिवसांत तुम्ही कळवायचं. गंमत बघा: वर सांगितलेला सक्तीचा दायित्वाचा विमा एवढाच घेतला असेल तर हे संरक्षण तुमच्या घराच्या आतल्या भागाला लागू होत नाही, कारण ते मालमत्तेच्या विम्याला चिकटलेलं असतं. कायदा पाळला, तरी घर उघडंच.

तुर्कस्तानात १९९९ च्या भूकंपानंतर, २००० साली सक्तीचा भूकंप विमा आला. त्याशिवाय नोंदणी कार्यालयात घराचे कागद होत नाहीत, वीज-पाण्याची जोडणीही नाही. त्यामुळे घर घेताना प्रत्येक परदेशी मालकाच्या हातात ती पॉलिसी पडते आणि ‘विमा झाला’ असा समज होतो. ती फक्त बांधकामाची असते, ठरलेल्या कमाल रकमेपर्यंत. सामान नाही, चोरी नाही, नळी नाही, बुडालेलं भाडं नाही. शिवाय तिचं दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं.

जपानमध्ये साध्या आगीच्या पॉलिसीत भूकंपामुळे लागलेली आग बसत नाही. भूकंपाचा विमा वेगळा, १९६६ पासूनचा, सरकारच्या पाठबळाचा, आणि आगीच्या पॉलिसीला जोडूनच मिळणारा. त्याची रक्कम आगीच्या विम्याच्या ३० ते ५० टक्केच ठेवता येते. म्हणजे घर पूर्ण गेलं तरी त्यातून अर्ध्यापेक्षा जास्त मिळत नाही. घर पुन्हा उभं करून देणं हा त्याचा हेतूच नाही, आपत्तीनंतर माणूस तगावा एवढाच आहे. जर्मनीत वादळ आणि गारपीट नेहमीच्या इमारत विम्यात असतात, पण पूर आणि भूकंप यांचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं.

किती रकमेचा काढायचा?

बाजारभावाचा नाही. बाजारभावात जागेची किंमत असते आणि जागा जळत नाही. आतलं सगळं आजच्या दराने, त्या देशातल्या मजुरीने पुन्हा करायला काय लागेल, तो आकडा धरायचा. हप्ता वाचवायला रक्कम कमी लिहिली तर काय होतं? आतल्याची खरी किंमत ८०,००० युरो, विमा ४०,००० चा, नुकसान १०,००० चं. वाटतं की १०,००० तर ४०,००० च्या आतच आहेत, पूर्ण मिळतील. मिळतात ५,०००. निम्म्याचा विमा काढला म्हणून नुकसानही निम्मंच भरून मिळतं. हा नियम स्पेनच्या कायद्यात आहे आणि इतरही अनेक देशांच्या पॉलिसींत असतो. रक्कम त्या देशाच्याच चलनात असावी, कारण सुताराला त्याच चलनात पैसे द्यायचेत. बँकेने कर्ज देताना घ्यायला लावलेली पॉलिसी मुळात बँकेचं कर्ज वाचवण्यापुरती असू शकते, तेही तपासून घ्यावं.

पत्र कुठल्या पत्त्यावर जातं?

साधा प्रश्न, पण अनेक पॉलिसी इथेच मरतात. विमा कंपनीच्या कागदावर पत्ता असतो तो फ्लॅटचा. हप्ता वाढल्याची, नूतनीकरण नाकारल्याची, पैसे न कटल्याची पत्रं कुलूपबंद घराच्या पत्रपेटीत साठत राहतात. बँक कार्ड बदललेलं असतं, हप्ता कटलेला नसतो, आणि मालकाला सहा महिन्यांनी सुट्टीवर गेल्यावर कळतं. स्पेनमध्ये नूतनीकरणाचा हप्ता थकला तर एक महिन्यानंतर संरक्षण स्थगित होतं, आणि कंपनीने सहा महिन्यांत वसुली केली नाही तर करारच संपतो. पत्रव्यवहाराचा पत्ता राहत्या घराचा द्या, ईमेल द्या, आणि नूतनीकरणाची तारीख स्वतःच्या कॅलेंडरवर टाका.

मुदती आखूड असतात. नुकसान कळल्यापासून स्पेनमध्ये सात दिवस, फ्रान्समध्ये कामाचे पाच दिवस, आणि चोरी असेल तर दोनच. उशीर झाला म्हणून दावा लगेच बाद होतोच असं नाही, पण उशिरामुळे वाढलेल्या नुकसानीवरून वाद घालायला कंपनीला जागा मिळते. चोरीत पोलिसांची तक्रारही लागते, तीही तिथल्या भाषेत. म्हणून तिथे तुमच्या वतीने सही करू शकेल असा अधिकारपत्र असलेला माणूस हवा.

भाषेचं म्हणाल तर, इंग्रजी भाषांतर मिळालं तरी वाद झाला की बहुधा मूळ भाषेतला मजकूरच खरा धरला जातो. निदान अपवादांचं पान जाणकाराकडून ओळीओळीने समजून घ्या. त्यासाठी दिलेली फी वाया जात नाही. कंपनी त्या देशात परवाना असलेली हवी. परदेशी कंपनीची पॉलिसी अनेक देशांत चालतच नाही. आणि राहत्या घराच्या पॉलिसीत परदेशातला फ्लॅट ‘आपोआप येत असेल’ हा समज सोडून द्या, तिच्यावर ज्या घराचा पत्ता लिहिलाय त्याच घराची ती असते.

आता त्या चार बिलांकडे येऊ. भिंतीच्या आतलं वायरिंग: सोसायटीचा विमा, पण डिडक्टिबलच्या वर नुकसान गेलं तरच. नाहीतर तो खर्च आधी सोसायटीवर, आणि नळी तुमची असल्याने तो तुमच्याकडेच मागितला जाण्याची शक्यता मोठी. फुगलेली फरशी: तुमची पॉलिसी, जर घर अधूनमधून वापरलं जातं हे कंपनीला माहीत असेल आणि पाहणीची नोंद असेल तर. खालच्यांचं फर्निचर आणि हॉटेल: त्यांचा विमा आधी देईल, मग ती कंपनी वसुलीसाठी तुमच्या दायित्वाच्या विम्याकडे येईल. तो नसेल तर थेट तुमच्याकडे. फोडलेलं दार राहिलं. त्याचं बिल कुणाचं, यावर सोसायटी आणि तुम्ही दोघं बराच काळ ईमेल लिहीत बसाल. किल्ली व्यवस्थापकाकडे असती तर ते दार शाबूत राहिलं असतं. आणि निघताना पाण्याचा मुख्य कॉक बंद केला असता, तर नळी रिकामीच फुटली असती.